माळा, धूर आणि ओल : कोकणी घराच्या एका दुर्लक्षित भागाचा इतिहास

गावात जीर्णोद्धाराचे काम निघाले म्हणजे पहिल्याने छप्पर उतरते. कौले खाली येतात, रीपा निघतात, वासे मोकळे होतात आणि ज्या जागेकडे वर्षानुवर्षे कोणाची नजर गेलेली नसते ती छपराखालची जागा उघड्यावर येते. जुन्या जाणत्या सुताराला लाकूड पाहूनच कळते की पाणी कोठून शिरले, ते किती पावसाळे मुरले आणि कोणता वासा शाबूत राहिला. देवळाचे काम सर्वांच्या डोळ्यांदेखत होते, म्हणून त्याची चर्चा होते. परंतु हीच गोष्ट गावातल्या घराघरांच्या माळ्यावर पिढ्यान् पिढ्या घडत आलेली आहे. तिची नोंद सहसा होत नाही. निदान या निमित्ताने ती व्हावी, हे उचित होईल.

कोकणातल्या घराचे वर्णन करताना ओटी, पडवी, माजघर, देवघर यांचा उल्लेख हटकून होतो. माळ्याचा होत नाही. वस्तुतः घराची सर्वांत मोलाची तीन प्रकारची ठेव माळ्यावर असे. पहिली पोटाची : भाताचे बियाणे, कडधान्य, सुपारी, सोललेले नारळ, सुकलेली आमसुले, आगोटीची बेगमी. दुसरी घराची : जास्तीचे वासे, फळ्या, सरपण, तांब्यापितळेची मोठी भांडी, लग्नकार्याचे सामान. आणि तिसरी घराण्याची : पोथ्या, जन्मपत्रिका, सनदा, खरेदीखते, वाटणीपत्रे, वहिवाटीचे कागद. या तिन्हींचा शत्रू एकच, तो म्हणजे ओल. ओलीच्या पाठीमागून येते ती बुरशी. माळ्याचा इतिहास हा या दोघींशी चाललेल्या झगड्याचा इतिहास आहे.

पावसाचा मुलूख

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात किनारपट्टीच्या हवेतील आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत नेहमीच असतात. त्यांना बाहेरून कोणी आणावे लागत नाही. त्यांना हवे असते खाद्य आणि ओल. लाकूड, कागद, कापड, चामडे, धान्य, एवढेच काय पण कागदाला लावलेली खळदेखील त्यांचे खाद्य होते. एखाद्या वस्तूभोवतीची हवा काही दिवस सतत ७५-८० टक्क्यांच्या वर दमट राहिली की बुरशी धरते. म्हणजे कोकणात आषाढ-श्रावण हा जसा भाताचा हंगाम, तसाच तो बुरशीचाही हंगाम होय.

त्यातून कोकणातले घर जांभ्याचे. जांभा दगड काढायला सोपा, घडवायला सोपा, उन्हाळ्यात गार. पण तो सच्छिद्र असतो. पावसाळ्यात जमिनीचे पाणी तो शोषून घेतो आणि भिंतीतून वर चढवतो. मातीची सारवलेली जमीनही दमट होते. अशा घरात कोरडी जागा शोधायची तर ती वरच शोधावी लागते. म्हणून तुळयांवर फणसाच्या किंवा आंब्याच्या फळ्या टाकून माळा केला गेला. परंतु जमिनीच्या ओलीपासून जो जो वर जावे तो तो छपराचे पाणी जवळ येते. खालून येणारी ओल आणि वरून येणारा पाऊस यांच्या मधल्या अरुंद जागेत घराची सगळी ठेव सांभाळायची, असा हा पेच होता.

गवत, नळे आणि कौले

हा पेच निरनिराळ्या काळांत निरनिराळ्या रीतीने सोडवला गेला. सामान्य रयतेच्या घरावर पूर्वी गवताचे, पेंढ्याचे किंवा माडाच्या झावळांचे छप्पर असे. दरसाल ते नव्याने घालावे लागे. त्यात कष्ट होते आणि आगीचे भय तर कायमचे होते. पण एक गुणही होता. वर्षभरात छपराने जी ओल आणि बुरशी धरली असेल ती जुन्या गवताबरोबर बाहेर फेकली जाई. छप्पर कधी म्हातारे होतच नसे.

ज्यांना ऐपत होती त्यांच्या घरावर नळे आले. गावचा कुंभार चाकावर मातीची नळी काढून ती उभी चिरी आणि भट्टीत भाजी. एक ओळ उताणी आणि तिच्या सांध्यावर एक ओळ पालथी, अशी ती रचना असे. नळ्यांना एकमेकांत अडकण्याची खाच नसे. त्यामुळे वारा, वानरे, कावळे आणि मांजरे त्यांना जागेवर राहू देत नसत. एक नळा चार बोटे सरकला तरी खाली धार लागे. म्हणून दरसाल वैशाखात शाकारणी करावी लागे. शेजारीपाजारी एकमेकांच्या घरावर चढत. सगळे नळे उतरवून, झाडून, फुटके बाजूला काढून पुन्हा बसवले जात. ज्या घरी शाकारणी त्या घरी त्या दिवशी जेवण असे.

शाकारणीचे वर्णन पुष्कळदा केवळ गळती थांबवण्याचे काम म्हणून केले जाते. परंतु तिचा दुसरा उपयोग अधिक मोठा होता. नळे उतरले की माळा आपोआप रिकामा करावा लागे. फळ्यांवर, वाशांवर आणि भिंतीच्या डोक्यावर वैशाखाचे कडक ऊन थेट पडे. कुजू लागलेले वाशाचे टोक दिसे, वाळवीची वाट दिसे, उंदराचे बीळ सापडे. म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर माळ्याला एक दिवस तरी कडकडीत सुकवण्याची आणि तपासण्याची ती रीतच होती. तिला कोणी शास्त्र म्हटले नाही. पण शास्त्राचे काम ती करीत होती.

पुढे मंगलोरी कौले आली. बासेल मिशनचे लोक १८३४ साली मंगळुरास आले. त्यांच्यापैकी जॉर्ज प्लेब्स्ट यांच्या खटपटीने १८६५ साली तेथील जेप्पू येथे कौलांचा कारखाना निघाला. नदीकाठची चिकणमाती, दाबयंत्र आणि भट्टी यांच्या बळावर एकसारखी, सपाट आणि एकमेकांत खाचेने बसणारी कौले निघू लागली. पुढे असे कारखाने त्या बाजूला बरेच झाले आणि त्यांचा माल समुद्रमार्गे मुंबईपर्यंत आणि कोकणच्या बंदरोबंदरी पोहोचू लागला. बंदरावरून ती कौले होडीने, बैलगाडीने आणि जेथे गाडीवाट नव्हती तेथे माणसांच्या डोक्यावरून गावात आली. मंगलोरी कौलांचे घर ही प्रतिष्ठेची खूण झाली.

या कौलांनी कोकणच्या घराचे मोठे कल्याण केले यात शंका नाही. पाणी कमी शिरू लागले, दरसालचा खर्च आणि कष्ट वाचले. मात्र त्याबरोबर एक गोष्ट नकळत गेली. कौले सगळीच्या सगळी उतरवण्याची गरज उरली नाही. फुटलेले तेवढे बदलले की भागू लागले. त्यामुळे माळा दरसाल रिकामा होण्याचे बंद झाले. माळ्यावरची वस्तू दहा-दहा, वीस-वीस वर्षे जागची हलेनाशी झाली. तरीसुद्धा माळा लगेच बिघडला नाही. कारण कौलांच्या फटींतून हवा खेळत होती आणि खाली चूल पेटत होती.

चुलीचे राज्य

जुन्या घराला धुराडे नसे. धूर वर चढे, माळ्यावर पसरे आणि कौलांच्या सांध्यांतून बाहेर पडे. पावसाळ्याच्या सकाळी कौलारू घरांच्या पाख्यांतून निळसर धूर झिरपताना दिसे, तो याचमुळे. या धुराने दोन कामे होत. एक म्हणजे माळ्यावरची हवा तापे. हवा तापली की तिची पाणी धरून ठेवण्याची शक्ती वाढते आणि दमटपणा उतरतो. २५ अंशांची ९० टक्के आर्द्रतेची हवा नुसती ३० अंशांपर्यंत तापवली तरी तिची आर्द्रता सुमारे ६७ टक्क्यांवर येते. म्हणजे पाच अंशांच्या उबेने बुरशीचा हंगाम त्या एवढ्या जागेपुरता संपतो. दुसरे काम धुरातल्या द्रव्यांचे. ती लाकडावर, बांबूवर, दोरीवर बसत आणि बुरशीला व किडीला आवर घालीत. सुपे, रोवळ्या, टोपल्या नव्या असताना चुलीवर टांगून ठेवण्याची पद्धत होती, ती यासाठीच. बियाण्याची कणसे आणि काकडी-भोपळ्याच्या बिया धुराच्या वाटेवर ठेवल्या जात. स्वयंपाकघरावरचे वासे काळेकुट्ट पण खणखणीत आणि ओटीवरचे वासे पांढरे पण किडलेले, असे जुन्या घरांत आढळते, त्याचे कारणही हेच.

परंतु या धुराचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. हा धूर आधी चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जाई, मग माळ्यावर जाई. लाकडाचा धूर फुप्फुसांना आणि डोळ्यांना किती अपाय करतो, हे आता निर्विवाद सिद्ध झालेले आहे. माळा कोरडा राहिला, बियाणे टिकले, पोथी वाचली, ती घरातल्या बायकांच्या आरोग्याच्या मोलाने. ज्या माउल्यांनी फुंकणीने चूल फुंकीत जन्म काढला, त्यांचे हे ऋण या इतिहासात प्रथम मांडले पाहिजे.

माळ्यावरचे दप्तर

आता तिसऱ्या ठेवीविषयी. जुन्या महाराष्ट्रात जुन्नरी आणि दौलताबादी कागद नामांकित होते. चिंध्यांपासून हाताने केलेला हा कागद चिवट असे. त्याला खळ देऊन घोटला म्हणजे बोरू त्यावर सुरेख चाले. काजळीची शाई शेकडो वर्षे काळी राहते, पण पाणी लागले की पसरते आणि खळ तर बुरशीचे आवडते खाद्य. म्हणून अशा कागदाला ओलीचे भय दुहेरी. पोथ्या आणि कागद खारव्याच्या रुमालात घट्ट बांधून, वेखंडाचे कांडे किंवा कडुनिंबाचा पाला घालून माळ्यावर ठेवले जात. पोथीच्या शेवटी नकलणारा मोठ्या कळवळ्याने विनवीत असे की, या पोथीला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून राखा. नकलणाऱ्याला शत्रू नेमके ठाऊक होते.

या दप्तरांची किंमत काय, हे एकदा फार कठोरपणे लोकांना समजले. १८५२ च्या ११ व्या कायद्याने इंग्रज सरकारने इनाम कमिशनला अधिकार दिले आणि दख्खन व दक्षिण महाराष्ट्रात इनामांची चौकशी सुरू झाली. इनामदाराने आपला हक्क कागदाने सिद्ध करावयाचा होता. ज्यांना सनद दाखवता आली नाही त्यांची इनामे गेली. पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट असली तरी कुजलेल्या कागदावरची अक्षरे पुरावा म्हणून वाचता येत नाहीत. घराच्या माळ्यावरची ओल ही नुसती घरगुती कटकट नव्हे, तिच्यापायी जमीन जाऊ शकते, हे त्या काळाने दाखवून दिले.

याच माळ्यांवरून पुढे महाराष्ट्राचा इतिहास खाली उतरला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांना वाई येथे जुनी पत्रे मिळाली आणि त्यांतून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. पुढे राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरे मिळवली आणि त्या मालेचे बावीस खंड सिद्ध केले. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि या कामाला घर मिळाले. राजवाड्यांच्या हाती जे लागले ते कोठल्या तरी घराच्या कोरड्या कोपऱ्यात टिकले होते म्हणून लागले. जे त्याआधीच पावसाने नेले त्याची मोजदाद कोणाला करता येणार नाही.

गावच्या देवस्थानाच्या कागदांचेही असेच आहे. पालखीचा मान कोणाचा, उत्सवाचा शिधा कोणी द्यावयाचा, दिवाबत्तीसाठी कोणती जमीन नेमून दिली होती, ही सर्व माहिती मोडी लिपीतल्या कागदांत असते आणि ते कागद पुष्कळ गावांत देवळात नसून पुजाऱ्याच्या, गुरवाच्या किंवा मानकऱ्याच्या घरी माळ्यावर असतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर शाळांतून आणि कचेऱ्यांतून मोडी गेली. त्यानंतरच्या पिढ्यांना ते कागद वाचता येईनासे झाले. जे वाचता येत नाही ते रद्दी वाटते. एकदा बुरशी धरली, वास येऊ लागला, की तो गठ्ठा चुलीत किंवा नदीत जातो. अशा रीतीने मानापानाचे तंटे उरतात आणि ते मिटवू शकणारा कागद मात्र उरत नाही.

चाकरमानी आणि बंद घर

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन केली आणि पुढच्या काही दशकांत गिरणगाव उभे राहिले. कोकणातली तरुण माणसे प्रथम बोटीने आणि मागाहून एस. टी.ने मुंबईस जाऊ लागली. म्हातारी माणसे, बायका आणि मुले गावी राहत, त्यामुळे चूल पेटती होती. पुढे कुटुंबेही मुंबईस गेली. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्णपणे सुरू झाली आणि येणेजाणे सोपे झाले, पण राहणे परतले नाही. शिमग्याला आणि गौरी-गणपतीला उघडणारी, एरवी कुलपात असणारी घरे वाड्यावाड्यांतून दिसू लागली.

बंद घराचा माळा पावसाळ्यात काय भोगतो, हे समजून घेण्यासारखे आहे. चूल नाही, म्हणून ऊब नाही. खिडक्या झडीच्या भीतीने बंद, म्हणून वारा नाही. ज्येष्ठात एक कौल सरकले तर ते भाद्रपदापर्यंत कोणाला दिसत नाही. तेवढ्यात एका जागी तीन महिने धार लागून राहते. वाशाचे भिंतीत रुतलेले टोक सर्वांत आधी ओले होते आणि सर्वांत शेवटी सुकते. लाकडातील पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिले की कुज सुरू होते आणि मऊ पडलेल्या लाकडाकडे वाळवी वळते. गणपतीच्या आदल्या दिवशी दार उघडल्यावर जो कुबट वास येतो, तो वास या सगळ्याची वर्दी असते. आरास, पाहुणे आणि आनंद यांच्या गडबडीत माळ्यावर कोणी चढत नाही, आणि सात दिवसांनी दार पुन्हा बंद होते.

जी घरे उघडी आहेत त्यांचीही स्थिती बदललेली आहे. चुलीच्या जागी गॅस आला. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने तो गरिबांच्या घरीही पोहोचवला. बायकांच्या डोळ्यांतला धूर गेला ही थोर गोष्ट झाली. पण गॅस जळताना दिसेल न दिसेल अशी पाण्याची वाफ तयार होते. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून ती सुमारे २२ लिटर पाण्याइतकी निघते. लाकूड जळतानाही वाफ होते. पण चुलीचा तापलेला झोत तिला कौलांतून बाहेर काढून देई. आता भाताची, आंघोळीच्या पाण्याची आणि गॅसची वाफ वर चढून माळ्यावरच थांबते, आणि माळा थंड असतो.

छपरेही बदलली. कौलांचे पुष्कळ जुने कारखाने बंद पडले, कौले बसवणारे कारागीर कमी झाले, वानरांचा उपद्रव वाढला. त्यामुळे लोक पत्र्याकडे वळले. पत्रा पाऊस अडवतो. पण रात्री तो लवकर थंड होतो आणि आतली वाफ त्याच्या पोटाला दव होऊन लागते. पाऊस नसताना माळ्यावर थेंब पडतात ते पत्रा फुटला म्हणून नव्हे, तर घरातलेच पाणी परत येते म्हणून. सिमेंटच्या स्लॅबच्या घरात माळ्याची जागा लॉफ्टने घेतली. बाहेरच्या भिंतीला चिकटून ट्रंका आणि गाद्या ठेवल्या की त्यांच्या मागे काळे डाग पडतात. साधन नवे असले तरी ओलीचा नियम जुनाच आहे.

दोन इशारे

बुरशी म्हणजे पुसून टाकायचा डाग, अशी समजूत असते. १९७४ सालच्या शेवटी राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत जे घडले त्यावरून ही समजूत किती घातक आहे ते कळते. मक्याच्या काढणीच्या वेळी अवेळी पाऊस आला. भिजलेली कणसे गरिबांनी तशीच घरात साठवली आणि तोच मका खाल्ला. अनेक गावांत कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ पसरली. ३९७ माणसे आजारी पडल्याची आणि त्यांपैकी १०६ दगावल्याची नोंद झाली. तेच अन्न खाणारी कुत्रीही मेली. तपासात मक्यावरील बुरशीचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष सापडले. हे विष धुतल्याने जात नाही आणि शिजवल्याने पुरते नष्ट होत नाही. मका, भुईमूग आणि खोबरे यांवर ही बुरशी विशेष धरते. माळ्यावरचे बुरसटलेले खोबरे ‘वरवर खरवडून’ वापरणाऱ्या घरांनी ही हकीकत ध्यानात ठेवावी.

दुसरा इशारा घरच्याच अंगणातला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांत असंख्य घरांची कौले आणि पत्रे उडाले. पाठोपाठ मोसमी पाऊस आला. टाळेबंदीचे दिवस, कौले मिळेनात, कारागीर मिळेनात. ताडपत्रीखाली लोकांनी पावसाळा काढला. त्या एका हंगामात धान्य, अंथरुणे, पुस्तके आणि जुने कागद यांची जी नासाडी झाली, ती घरे पुन्हा उभी राहिली तरी भरून निघणारी नव्हती. ज्यांनी कागद पेटीत घालून माळ्यावरून खाली आणले त्यांचे कागद राहिले. बाकीच्यांचे पावसाबरोबर गेले.

पुढे काय

धूर परत आणावा असे कोणी म्हणणार नाही आणि म्हणूही नये. परंतु धूर, शाकारणी आणि राबता या तीन गोष्टी जे काम करीत होत्या ते काम निराळ्या रीतीने कोणीतरी केले पाहिजे. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही.

धुराचे काम वाऱ्याकडून करून घेता येते. छपराच्या दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत समोरासमोर जाळीचे झरोके ठेवले आणि वर लहानशी झाप काढली, तर झड आत येत नाही आणि माळ्याची हवा वाहती राहते. स्वयंपाकघराची वाफ पंख्याने किंवा खिडकीने थेट बाहेर गेली पाहिजे. ती माळ्यावर सोडू नये. सामान भिंतीपासून वीतभर दूर आणि फळीपासून चार बोटे वर ठेवावे.

शाकारणीचे काम तारखेने बांधून घ्यावे. वैशाखात एकदा माळा रिकामा करावा, फुटकी कौले बदलावीत, वाशांची टोके सुरीने टोचून पाहावीत. सुरी सहज आत गेली तर लाकूड गेले असे समजावे. आणि पाऊस सरल्यावर कार्तिकात पुन्हा एकदा सर्व उघडावे. जैन समाजात कार्तिक शुद्ध पंचमीस, म्हणजे ज्ञानपंचमीस, ग्रंथभांडारे उघडून पोथ्या झाडून पुसून पुन्हा बांधण्याची चाल आहे. पावसाळ्यानंतरची ही सफाई धर्माचरणात गोवल्यामुळे तेथे शतकानुशतके जुने ग्रंथ टिकले. ही चाल कोणत्याही गावाने उचलण्याजोगी आहे.

बुरशी दिसली तर आधी पाणी कोठून येते ते शोधावे. पाणी थांबल्याशिवाय पुसणे व्यर्थ आहे. कोरड्या झाडूने ती झाडू नये, कारण त्यामुळे तिची पूड घरभर उडते. नाकातोंडाला फडके बांधून, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाने पुसावी आणि जागा पुरती वाळू द्यावी. भिंतीला चुन्याचा हात द्यावा, चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही. बुरसटलेले धान्य, शेंगदाणे, खोबरे टाकून द्यावे. ते गुरांनाही घालू नये.

कागदांची तऱ्हा निराळी आहे. ओले कागद कडक उन्हात घालू नयेत आणि चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. सावलीत, वाहत्या हवेत सावकाश वाळवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत बांधले तर आतली ओल आतच राहते. त्यापेक्षा जुना सुती रुमाल बरा. वाळल्यावर प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे कागद गेला तरी मजकूर राहील. मोडी वाचणारी माणसे अजून आहेत आणि मोडी शिकवणारे वर्गही राज्यात चालतात. वाचता येत नाही म्हणून टाकून देण्याची घाई कोणी करू नये.

राहिला राबत्याचा प्रश्न. तो पैशाने सुटत नाही, माणसाने सुटतो. मुंबईस, पुण्यास किंवा त्याहून दूर असलेल्या घरधन्याने घराची एक किल्ली शेजाऱ्याकडे ठेवावी आणि शेजाऱ्याने पावसाच्या उघडिपीत आठवड्यातून एकदा दारे-खिडक्या उघडाव्यात, माळ्यावर एक नजर टाकावी. पूर्वी शाकारणीला एकमेकांच्या घरावर चढणारा शेजार तो हाच. मधल्या काळात भाऊबंदकीने, हिश्शांच्या वादाने आणि अंतराने किल्ल्या शेजारच्या खुंटीवरून निघून मुंबईच्या कपाटात गेल्या. सामाईक घराचा माळा कोणी साफ करावयाचा, या वादात कित्येक वास्तू कोसळल्या. एका सरकलेल्या कौलाची किंमत फारच थोडी असते, परंतु ते कौल बसवावयास घरात माणूस नसला तर सगळ्या घराची किंमत मोजावी लागते.

देवळाच्या छपरासाठी ज्यांनी सढळ हाताने देणगी दिली आणि ज्यांनी अंगमेहनत केली, त्या दोघांनाही घराचे छप्पर आहेच. येत्या वैशाखात प्रत्येक घराने एक दिवस माळ्यासाठी काढावा, तेथे सापडलेले जुने कागद गावातल्या चार जाणत्यांना दाखवावेत आणि बंद घरांच्या किल्ल्या पुन्हा शेजारच्या खुंटीवर याव्यात. एवढे झाले तरी येणाऱ्या पिढीला गावाचा इतिहास वाचावयास काहीतरी शिल्लक राहील.